चाळीस जणांचं उप्पीट

अठरा पूर्ण झाली की बालकाश्रम सोडायचा, हा नियम. वाणीनं तो ब्याण्णवच्या श्रावणात पाळला. निघताना तिथल्या बाईंनी डोळे पुसत तिला स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं दिलं. ते घेऊन पोर बंगळूरच्या शिवाजीनगरमागच्या वठारात आली. एका अंगणाभोवती सहा बिऱ्हाडं, मालकीण रत्नाबाई.

बंगळूरात खोलीला दहा महिन्यांचा ॲडव्हान्स मागतात. रत्नाबाईंनी तो सोडला. "पण पहिल्या तारखेला भाडं पाहिजे हं. नाहीतर आमचे हे खोली दुसऱ्याला देतील." काम मिळेपर्यंत पुरतील एवढेच पैसे वाणीच्या गाठीला होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उप्पिटाला फोडणी दिली. आश्रमात हेच तिच्याकडे असायचं. सामानही तिनं आदल्या संध्याकाळी सवयीनंच घेतलं होतं. रवा फुलला, फुलतच गेला, पातेल्याच्या काठाला लागला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, अगं, जेवणारी आपण एकटीच! हात चाळीस पोरांचा पडला होता, आणि गाठीचे पैसे त्यातच शिजले होते.

ती रडकुंडीला आली, तोच वासानं रत्नाबाई दारात हजर. "अगंबाई! कुणाचं लग्न काढलंस?"

"अक्का, मला थोडं करताच येत नाही हो."

रत्नाबाई हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या. "कांदा घातलास?"

"आश्रमात कांदा कुठला परवडायला!"

"देवच पावला." त्यांनी तुळशीचं पान आणून पातेल्यावर ठेवलं, डोळे मिटले. "आता हा प्रसाद. कुणाच्या हातचा, असं कोण विचारतो तेच बघते."

सहाही बिऱ्हाडं ताटं घेऊन अंगणात आली; कुणी विचारलं नाही. कोपऱ्यातले सुब्बाराव टोमणे मारण्यात पटाईत. "स्वल्प वाढ, स्वल्प. पोरीच्या हाताचा काय भरवसा!" म्हणाले, आणि ताट घेऊन तिसऱ्यांदा आले. तेव्हा मात्र हळूच म्हणाले, "माझ्या वर्कशॉपात तेरा पोरं आहेत. रोज सकाळी पाठवशील? आठवड्याचे पैसे आगाऊ देतो."

वाणीचा चेहरा पडला. "तेराच? एवढं थोडं कसं करू, अण्णा?"

सगळं अंगण हसलं. "सरी, बरं बाई! शेजारच्या दोन वर्कशॉपांनाही सांगतो."

पहिल्या तारखेला वाणीनं भाडं रत्नाबाईंच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते देवापुढे ठेवून नमस्कार केला.

"रविवारी वर्कशॉपं बंद. तेव्हा काय खातेस गं?"

"रविवारी पातेलं चढवतच नाही, अक्का."

"मग आमच्याकडे येत जा. एकटीपुरतं करायला शिकशील सावकाश. घाई कुणाला आहे?"