फुगा बसलाच नाही

शिंपी साबणवाल्यांना चांगला ओळखत होता, असं त्यांच्या घरच्यांनाही वाटायचं. खरं तर तसं काही नव्हतं. ते कुठे वाढले, रागावले की काय करत, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. साबणवाल्यांच्या जावयाने घरामागच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. त्या सीटच्या गाद्या शिवायला शिंपी आला आणि दोन म्हातारे एका बाकावर बसू लागले, एवढीच ओळख.

साबणवाले हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. उभा जन्म रेडिएटर झाळण्यात गेलेला हा माणूस साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश घेऊन फिरायचा. दिसेल त्या सांध्याला पाणी लावायचं आणि बुडबुडा येतो का ते बघायचं.

"बाबा, धुणं भिजवलंय, तेही घ्या हातासरशी," लेक म्हणायची.

"तुझ्या नवऱ्याला वर पाठवायचंय. तिथे गळती लागली तर गाडी बाजूला कुठे घेणार तो?"

पंखांतल्या पेट्रोलच्या टाक्या म्हणूनच त्यांच्याकडे होत्या. पत्र्याच्या प्रत्येक सांध्याला आतून फटी बुजवणारं काळं लुकण लावायचं. ते सुकलं की बाकीची तोंडं बंद करून टाकीत हवा येण्या-जाण्याच्या नळीवर फुगा चढवायचा. फुगा टिकला तर टाकी टिकली. हवा भरायच्या पंपाला ते कोणाला हात लावू देत नसत. जास्त दाबाने टाकीच फुगायची. फुगा तोंडाने फुगवायचा, मानेला पीळ द्यायचा, नळीवर ताणून बसवायचा आणि मग पीळ सोडायचा.

दुसऱ्या टाकीचा फुगा सकाळीही टम्म होता. साबणाचा एक बुडबुडा नाही. जावयाने उड्डाणाचा दिवस ठरवून टाकला.

शिंप्याच्या मनात काहीतरी खुपत होतं, पण बोलावं की नाही ते कळेना.

"एक विचारू का? मला यातलं काही कळत नाही."

"विचारा की."

"पहिल्या टाकीवर पीळ सोडल्यावर फुगा जरासा बसला होता. तुम्हाला परत फुंकावा लागला. हा बसलाच नाही."

साबणवाले हसले. मग ते हसू तसंच ओठांवर राहिलं. त्यांनी फुगा ओढून काढला आणि नळीला तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, हवा काही जाईना. तार घातली, ती बोटभर आत जाऊन अडली. बाहेर काढली तर टोकाला काळं लुकण.

टाकीत हवा गेलीच नव्हती. फुगा स्वतःचीच हवा सांभाळून बसला होता. आत दाबच नाही, तर साबणाला बुडबुडे कुठून येणार? आणि वर गेल्यावर पेट्रोल सरेल तशी आत हवा शिरली नसती, इंजिन तहानलेलं राहून बंद पडलं असतं.

नळी मोकळी करून फुगा पुन्हा चढवला. तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुरकुतला. खालच्या सांध्यावर साबणाचा फेस उठला.

साबणवाल्यांनी ब्रश खाली ठेवला.

"सापडली ना गळती? मग झालं तर," जावई म्हणाला.

"मला नाही सापडली. नळीतलं लुकण माझ्याच हातचं आहे."

लेक नवऱ्याकडे बघत राहिली, जणू तो आत्ताच कुठून तरी परत आला होता. दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर शिंप्याला पटलं असतं. पण या माणसाच्या?

टाकी उघडली, लुकण खरवडून नवं लावलं. या वेळी साबणवाल्यांनी ब्रश लेकीच्या हातात दिला. "आधी नळीत फुंक," एवढंच ते दर वेळी सांगत. फुगा जरासा बसला, पुन्हा फुगवला आणि मग टिकला.

विमान उडालं, घिरट्या घालून नीट उतरलं. टाळ्या झाल्या. साबणवाले शेडच्या दारातल्या बाकावरून उठले नाहीत.

त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले. निरोप आला तेव्हा शिंप्याच्या हातात अर्धवट कापलेलं कापड होतं. तो कात्री धरून तसाच उभा राहिला. धडधाकट तर होते, असं त्याला वाटलं. पण तेही त्याला कुठे ठाऊक होतं?

उड्डाणाच्या दिवशी विमान उतरल्यावर शेडच्या दारात तो त्यांना म्हणाला होता, "चला, घरी सगळे वाट बघतायत."

"तुम्ही व्हा पुढे. जावई दोन्ही टाक्यांतलं पेट्रोल सारखं उतरलंय का ते बघतोय. तेवढं झालं की येतो."

"चहा गार होईल."

"होऊ दे."