ताई पडली नव्हती

आमची ताई आयुष्यभर शिवणकाम करत आली, पण कापड कापणार ते जमिनीवरच. टेबल आणून दिलं तर म्हणाली, "टेबल संपतं, जमीन संपत नाही." बोला आता.

गेल्या वर्षी ती घरात एकटी असताना पडली. मनगट मोडलं, आणि गिऱ्हाईक दाराशी येईपर्यंत दुपारभर तशीच पडून राहिली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, दुसऱ्या शहरातून धावत आला. "आई, एकटं राहणं आता बस. माझ्याकडे चल."

"तुझ्या सातव्या मजल्यावर बसून मी काय ढग मोजू?" ताई म्हणाली. तिची गिऱ्हाइकं इथे, मशीन इथे, आणि मी धाकटी बहीण पलीकडच्या गल्लीत.

तेवढ्यात विद्यापीठातली एक संशोधक मुलगी देवासारखी भेटली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी भिंतीवर लावायचा डबा बनवला होता. त्यात कॅमेरा नाही, नुसत्या रडारसारख्या लहरी. माणूस पडलं की डब्याला कळतं आणि घरच्यांचे फोन वाजतात. भाचा म्हणाला, "हिवाळाभर बघू. जमलं नाही तर सामान बांधायचं."

पहिल्याच दिवशी माझा फोन वाजला: घरात कुणीतरी पडलं आहे. गॅसवरचं दूध तसंच टाकून मी पळाले. ताई पालथी पडून पँटच्या कापडावर खडूने रेघ ओढत होती. वर मलाच विचारते, "धापा का टाकतेस गं?" दूध गेलं उतू.

रोज हेच. ताई वैतागली आणि तिने काय करावं? इस्त्रीच्या टेबलाच्या चंदेरी कापडाची मापात खोळ शिवली, बटणं लावली आणि डब्याला घातली. त्या चंदेरी मुलाम्यातून लहरी जाईनात, डबा आंधळा झाला. सकाळपासून घरात हालचाल नाही, असा निरोप भाच्याला गेला. शिलाई मशीनच्या आवाजात ताईला त्याचे फोन ऐकू आले नाहीत. बिचारा गाडी हाणत आला, तर आई ठणठणीत, काज करत बसलेली. तो पांढराफटक पडला होता. जाताना एवढंच म्हणाला, "रविवारी न्यायला येतो."

ताई त्या संध्याकाळी जेवली नाही. माझं डोकं फिरलं. त्या मुलीला फोन करून म्हटलं, "तुमच्या डब्यापायी माझ्या बहिणीचं घर सुटतंय."

ती सकाळीच हजर. खोळ बघून आधी पोट धरून हसली, मग ती काढत म्हणाली, "मावशी, कापता कशा ते दाखवा." आणि चक्क ताईशेजारी पालथी झाली. डब्याला शिकवताना विद्यापीठात त्यांनी गाद्यांवर पडणारी माणसं दाखवली होती, कामासाठी आडवं होणारं कुणी दाखवलंच नव्हतं. ताईही वरमली. "खोळ शिवण्याआधी तुला सांगायला हवं होतं गं." मग रविवारपर्यंत दोघींची शिकवणी चालली. ताई आडवी होई, उठे. ती मुलगी लॅपटॉपवर डब्याला समजावून सांगे.

रविवारी भाचा मोठी रिकामी बॅग घेऊन आला. मी आणि ती मुलगी जीव मुठीत धरून उभ्या. ताई जमिनीवर कापत होती, डबा गप्प.

"बंदच पडलाय ना?" म्हणत तो आईला उठवायला पुढे झाला. पाय पडला गुळगुळीत अस्तरावर, आणि स्वारी धाडकन ताईशेजारी आडवी.

माझा फोन वाजला. मुलीचा वाजला. त्याच्या खिशातलाही वाजला. त्याने पडल्या पडल्या काढून वाचला: आईच्या घरी कुणीतरी पडलं आहे.

"ओळखलं, बरोबर ओळखलं!" ती मुलगी उड्या मारत होती आणि मी या वयात तिच्या गळ्यात पडून नाचत होते.

भाचा मात्र हसला नाही. तसाच पडून म्हणाला, "आई, त्या दुपारी हे असतं तर मला लगेच कळलं असतं."

"आता कळेल ना," ताईने खडूच्या हाताने त्याचे केस सारखे केले. "लागलं का रे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. जेवण झालं, निघताना त्याने गुपचूप बॅग उचलली.

"रिकामी कशाला नेतोस?" ताई म्हणाली. "तुझे दोन शर्ट शिवून ठेवलेत, घाल त्यात."