नो आय

माझी पोर तेव्हा दीड वर्षाची, तिला चांदवडला माझ्या आयजवळ ठेवलं आणि मी गेले परदेशात, दुसऱ्याचं बाळ सांभाळायला. नाशिकच्या ज्या डॉक्टरबाईंकडं मी कामाला होते त्यांना सहा महिने स्पेन देशात जायचं होतं, त्यांचं तान्हं माझ्याबिगर राहीना. नवरा म्हणाला, "जा, सहाच तर महिने हायेत, पोर काय पळून चालली का?"

पळून नव्हती चालली. पण मला विसरंल, हीच भीती, विमानात बसल्यापासून तीच एक. त्यात दीड महिना झाला, घरून पत्र नाय.

एका रविवारी बाईंनी डोंगरातलं एक गाव बघायला नेलं. बसमधून उतरले आणि बघतच राहिले, खाली निळाशार समुद्र, वर दगडी घरं एकावर एक, मधी लिंबं लगडलेली. चित्रं काढणारे रस्त्यातच बसलेले. बाई म्हणाल्या, "इथं मोठमोठे कवी, चित्रकार राहून गेले गं. वर एका कवीची समाधी आहे, ती बघून येते. तू बाळाला दूध आण."

बाळाला कडेवर घेऊन मी दुकानात शिरले. काळ्या कपड्यातली म्हातारी बसलेली. मी म्हटलं मिल्क, तिला कळंना, मग गायीची धार काढून दाखवली, तशी हसली बिचारी. मग दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "नो आय. नो आय."

सातवीपर्यंत शिकलेली मी, इंग्रजीतलं नो तेवढं कळत होतं. आय नाय? माझी आय गेली? मग पोर कुणाजवळ? हिला कसं कळलं, तार आली का, बाई लपवतात का, काय काय डोक्यात, आणि मी बाळाला घेऊन त्या पायऱ्या पळत चढले, दम लागला, ऊर फुटायची वेळ आली. वर पोचले तर समाधी म्हणाल्या होत्या ना, म्हणून तशा घाईतबी चपला बाहेर काढल्या.

"बाई, माझी आय गेली का? खरं सांगा."

सगळं सांगितल्यावर बाई आधी हसल्या, मग माझं तोंड बघून त्यांनी बाळ माझ्याकडनं घेतलं. "अगं वेडे, नो आय म्हणजे इथल्या भाषेत नाही, संपलं. दूध संपलंय तिच्याकडचं."

मी तिथंच भिंतीला टेकून रडले. समोर एवढा समुद्र, पण काय दिसंना.

सहा महिने भरल्यावर चांदवडला उतरले. आय दारातच होती, धडधाकट, पोर तिच्या लुगड्याला धरून, केवढी वाढली होती. मी हात पुढं केले. ती मागं सरली.

शेजारीण म्हणाली, "अगं जा की, विमानातून तुझी आय आली!"

पोरीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मान हलवली.

"नाय आय," म्हणाली, आणि लुगड्यात तोंड घातलं.

शेजारीण हसली, आयबी हसली. मी खाली वाकले, चपला काढायला, आणि लय वेळ काढतच राहिले.