करंगळीचं नख

झुलेखा,

तुला वाचता येत नव्हतं, आणि पत्राचं तसं कारणही कधी पडलं नाही. आपल्या दोघींच्या दारांमध्ये भुजची एक अरुंद गल्ली, हाक मारली की काम झालं. आता हाक पोचत नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या डाव्या करंगळीसारखं लांब, टोकदार नख साऱ्या खत्री मोहल्ल्यात कुणाचं नव्हतं. त्या नखाने कापड खालून राईएवढं उचलायचं, वरून दोरा आवळायचा, की पडली बांधणीची एक गाठ. नख मोडेल म्हणून तू कणीक कधी मळली नाहीस. आधी सासूने मळली, मग सुनेने.

"राणीच आहेस," मी म्हणायचे.

"राणीला एवढं वाकून बसावं लागतं का, बेन?"

नातीच्या, सकिनाच्या निकाहसाठी तू चंद्रोखणी बांधायला घेतलीस. नवरीची ओढणी आजीच्याच हातची हवी, हा तुझा हट्ट. मधला चंद्र झाला, कडा उरल्या, आणि एका सकाळी चहाची बशी तुझ्या डाव्या हातातून सुटली. लकवा. इस्पितळात तुझ्या सुनेने, मेहरूनने, स्वच्छता म्हणून सगळी नखं कापून टाकली. तोंड वाकडं झालं, पाय ओढायला लागला, त्यावर तू चकार शब्द काढला नाहीस. नखापायी मात्र ओक्साबोक्शी रडलीस.

"अम्मी, राहिलेली मी बांधते ना," मेहरून म्हणाली.

"तू? तुझ्या गाठी म्हणजे वाटाणे." तोंड वाकडं, पण टोमणा सरळ.

व्यायामाच्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू तू खाटेखाली ढकललास. मग रोज दुपारी ताटलीत मूग घेऊन मीच समोर बसायला लागले.

"उचल एकेक."

"कॉलेजात शिकवताना पोरींना असंच छळायचात का?"

"त्या तुझ्यापेक्षा कमी बोलायच्या. उचल."

मूग घरभर व्हायचे आणि आपण दोघी म्हाताऱ्या ते वेचत बसायचो. त्या दुपारी मला फार आठवतात.

नख वाढलं, बोटात जोर मात्र अर्धाच आला. गाठी मोठ्या पडायच्या, रांग सोडायच्या. तू उसवून पुन्हा बांधायचीस.

"दादीमा, असू दे. माझ्या नवऱ्याला काय कळतंय?" सकिना म्हणाली.

"त्याच्या आईला कळतं."

थंडी सरता सरता कडा पुऱ्या झाल्या. पिवळं कापड गाठींनी आक्रसून मूठभर उरलं. आता फक्त शेवटचा लाल रंग. उस्मानभाई रंगारी घाईत काळपट करून ठेवतो, समोर उभंच राहायला हवं, असं तुझं म्हणणं. घरचे परस्पर पाठवतील म्हणून गठडी माझ्याकडे ठेवलीस. सोमवारी दोघींनी रिक्षाने जायचं ठरलं. रविवारी तुला दुसरा झटका आला.

सकिना विकतची ओढणी घेऊन सासरी गेली. मी तिला म्हटलं, मी जाते, मी राहते उभी. ती नको म्हणाली. "रंगवली की दादीमाच्या हातच्या गाठी सोडाव्या लागतील, नानी." गठडी माझ्या कपाटात आहे. आणि मी तरी उस्मानभाईला काय सांगणार होते? लाल नेमका किती गडद हवा, ते तू रिक्षात सांगणार होतीस.