बाईला श्वास पुरत नाही

माझ्या मैत्रिणीनं मला फसवलं. स्वतःचा आवाज परक्या बाईचा म्हणून मला ऐकवला, त्याची चटक लावली, आणि मी माझ्या रीतीप्रमाणे मालाला नावं ठेवली तेव्हा एका शब्दानं न विचारता सगळा माल उचलून नेला. आता वर तीच माझ्यावर रुसली आहे.

आम्ही दोघी घाटकोपरच्या एकाच चाळीत वाढलो. दोघींचे वडील गिरणीत, दोघींची गावं कोकणात. गिरण्या गेल्या तेव्हा ती शिकत राहिली आणि विम्याच्या कचेरीत लागली. मी चादरींचं गाठोडं खांद्यावर टाकून सोसायट्यांचे जिने चढले. आज मुलुंडला माझं पडद्यांचं दुकान आहे. मला कुणी काही दिलेलं नाही. जे आहे ते मी घासाघीस करून मिळवलेलं आहे.

घासाघिशीचा पहिला नियम असा, की कापडाचा जो ताका आवडला त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारचे चार उघडायला लावायचे, उठायचं, चपला घालायच्या, आणि जाता जाता आवडलेल्या ताक्याला बोट लावून म्हणायचं, हा काय, रंग विटलाय, पन्हाही कमी दिसतो. जितका जीव अडकलेला तितकी नावं जास्त ठेवायची. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याबरोबर घाऊक बाजारात यायची. काम काही नसायचं, बाहेर पडायला मिळतं आणि भजी खायला मिळतात म्हणून. माझ्या मागे उभी राहून ओढणी तोंडाशी धरून हसू दाबायची. परत येताना म्हणायची, "त्या निळ्याला तू सगळ्यात जास्त शिव्या घातल्यास ना, तेव्हाच कळलं मला, आज हाच घरी येणार." हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत.

गाणं माझ्या आयुष्यात आणलं तिनंच. आमच्या घरी रेडिओसुद्धा नव्हता, भिंतीपलीकडचा ऐकायचा. कॅसेट होत्या तेव्हा ती कॅसेट आणायची, मग सीडी, आता फोन. दुकान मोठं करताना मी रात्रंदिवस कापड कापत होते, तेव्हा तिनं दिलेल्या ठुमऱ्या मागे चालू असायच्या. एकदा तिनं कुठलं तरी दक्षिणेकडचं व्हायोलिन आणून दिलं. त्यातलं मला काही कळलं नाही, पण अख्खा लग्नाचा हंगाम मी त्यावर काढला. माझा नवरा मला रोज सकाळी फोनवर गुलाबाची फुलं पाठवतो, शेजारच्या खोलीतून. त्यापलीकडे मला काही ऐकावंसं वाटेल असं घरात कुणाला सुचलं नाही. माझ्या कानाला जे चांगलं माहीत आहे ते सगळं तिच्या हातून आलेलं आहे. आणि प्रत्येक वेळी मी तिला एवढंच म्हणायचे, "बरं आहे." ती म्हणायची, "तुझं बरं म्हणजे लोकांचं झकास." आणि पुढचं पाठवायची. असा आमचा व्यवहार इतकी वर्षं चालला. कधी बिघडला नाही.

मग ती निवृत्त झाली. गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर, संध्याकाळी बागेत चालताना, तिनं इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. म्हणाली, ऐक, दहिसरच्या एक बाई आहेत, घरच्या घरी गातात.

गौरीची गाणी होती. आम्ही चाळीच्या गॅलरीत फुगडी घालताना म्हणायचो तीच. पण आम्ही ती टाळ्या पिटत, धापा टाकत, अर्धे शब्द गिळत म्हणायचो. ही बाई नुसत्या तंबोऱ्यावर सावकाश गात होती. माहेरी आलेल्या बाईला काय काय खायला करू असं सगळे विचारतात, आणि ती म्हणते मला जरा बसू द्या, एवढंच त्या गाण्यात आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझी आई प्रत्येक गौरीला ते गायची. तिला माहेर उरलं नव्हतं. मी बाकावर बसले. मैत्रीण उभीच होती, माझ्याकडे बघत.

मी म्हटलं, "कोण गं ही? आवाज पिकलाय. बाईला श्वास पुरत नाही. वरच्या सुराला जिना चढल्यासारखी धाप लागते तिला."

"मग नको पाठवू?"

"पाठव की. फुकट आहे ना?"

ती हसली. हसली होती हे मला पक्कं आठवतं.

त्यानंतर ती लिंका पाठवत राहिली. पडद्यावर चेहरा नसायचा, एक समई आणि आवाज. कारागीर यायच्या आधी मी दुकानाचं शटर अर्धं उघडून आत बसायचे आणि तेच तेच लावायचे. पहिलं गिऱ्हाईक आलं तरी मन तिथून निघायचं नाही. संध्याकाळी भेटल्यावर मात्र प्रत्येक गाण्यात काही ना काही खोट काढायचे. इथे घाई केली, तिथे शब्द चावला. आणि लगेच विचारायचे, त्या बाईचं नवीन काही आलं का? रोज विचारायचे. आमच्या धंद्यात जे गिऱ्हाईक परत परत येतं त्याला तोंडानं वाहवा करावी लागत नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी लिंक उघडेना. व्हिडिओ खासगी आहे म्हणून पाटी आली. सगळ्यांवर तीच पाटी. मैत्रिणीला विचारलं तर ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, काढून टाकली असतील बाईंनी. मी चिडले. ही काय रीत झाली, लोकांना सवय लावायची आणि दुकान बंद करायचं, असं बरंच बोलले. ती खाली मान घालून नाडी बांधत राहिली.

खरं कळलं ते तिच्या नवऱ्याकडून. तो दुकानात आला, खोलीच्या एका कोपऱ्यापुढे पडदा हवा होता. मी विचारलं, कोपऱ्याला कशाला पडदा? तो म्हणाला, "अहो, तिचा तंबोरा आणि तो माइक पडलाय तिथे. बघवत नाही म्हणते. पवईचा गाण्याचा क्लासही सोडला. तुम्हाला ऐकवायची ना सगळं? तुम्हीच सांगा जरा तिला."

मी माप घेण्याच्या निमित्तानं तशीच त्याच्याबरोबर निघाले. ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. नवऱ्याच्या हातात माझी मापाची टेप बघून सगळं समजली.

मी म्हटलं, नाव का लपवलंस? ती म्हणाली, बाकी सगळे ओळखीचे म्हणून वा वा करतात. तुझ्याकडून खरं ऐकायचं होतं.

"माझ्याकडून खरं? आवडलेल्या मालाला मी शिव्या घालते, हे तूच मला सांगायचीस आणि तूच विसरलीस?"

"कापडाला घालतेस ते माहीत होतं," ती म्हणाली. "गाण्यालाही घालशील असं नव्हतं वाटलं. इतकी वर्षं 'बरं आहे' म्हणत होतीस, नावं कधीच ठेवली नाहीस. पहिल्यांदा ठेवलीस ती माझ्या गाण्याला."

ते खरं होतं. पण इतकं आवडलेलंही तेच पहिलं होतं, आणि हे तिला उलगडायला नको? मी म्हटलं, झालं गेलं, परत लाव ती गाणी. पुसली, म्हणाली. मग परत गा, मी म्हटलं. तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि शांतपणे म्हणाली, "बाईला श्वास पुरत नाही गं."

तो पडदा मी शिवलेला नाही. कापड बेतून ठेवलं आहे, तसंच पडलं आहे. तिचा नवरा फोन करतो, मी आज देते, उद्या देते म्हणते. संध्याकाळी आम्ही अजून चालतो, पण ती इअरफोन आणत नाही. सकाळी दुकानात बसून ते गाणं आठवायला बघते तर फक्त टाळ्यांवरचं, धावपळीचं आठवतं. सावकाश कसं होतं ते सापडत नाही.

निळा ताका तिला बरोबर कळायचा. मग मी रोज येऊन त्या बाईचं नवीन काही आलं का विचारत होते, ते तिला का कळलं नाही? का कळूनही तिला माझ्या तोंडूनच ऐकायचं होतं? ती हे वाचणार आहे, कारण मी स्वतः नेऊन देणार आहे. मला रडणं नको, माफी नको. याचं उत्तर तिनं मला द्यावं, आणि गाऊन द्यावं.