बिनतेलाची वेणी

खोलीत शिरण्याआधी अक्का आमच्या डोक्याचा वास घेत. दारात उभ्या राहून मान किंचित पुढे करत आणि विचारत, "एण्णे?" एण्णे म्हणजे तेल. पुण्याहून म्हैसूरला आल्यावर मी शिकलेला हा पहिला कन्नड शब्द. बरेच दिवस तेवढाच पुरला.

मेटगळ्ळीतल्या आमच्या कारखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायची भिंगं बनतात. अक्का तपासणीच्या खोलीत होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. भिंगावर पाण्याचा थेंब सोडायचा आणि तो किती पसरतो हे कॅमेऱ्यातून बाजूने बघायचं. आमच्या भिंगावर तो पसरायलाच हवा. गोळा होऊन उभा राहिला तर भिंगावर काहीतरी लागलेलं आहे, आणि ते कुणाच्या तरी डोळ्यात जाणार. वीसेक वर्षं त्या हेच बघत होत्या. तुम्ही म्हणाल, कंटाळा येत असेल. मीही विचारलं होतं.

"कंटाळा कसला? रोज नवा थेंब असतो, अल्वा? हो की नाही?"

थेंब बिघडायला बोटाला लागलेलं तेलही पुरतं. म्हणून नोकरी लागल्यापासून अक्कांनी केसांना तेल लावलं नव्हतं. घरच्या सगळ्या बायकांच्या वेण्या कमरेखाली, आणि यांची केरसुणीसारखी. लग्नकार्यात कुणी हळहळलं की म्हणत, "रिटायर झाल्यावर लावते, नोडु, बघच."

मी दुसऱ्याच आठवड्यात घोळ घातला. रविवारी डोकं तेलाने चोपडलं, सोमवारी शांपू लावून धुतलं आणि "एण्णे?"ला खुशाल "नाही" म्हटलं. अक्कांना सर्दी होती. आत टोपीतून निसटलेली बट मी हातमोज्याच्या बोटाने सारली आणि तेच बोट चिमट्याच्या टोकाला लागलं. मग जो थेंब सोडावा तो टम्म उभा. साहेब अख्खा लॉट टाकायला निघाले.

अक्कांनी माझा हात नाकाशी धरला. सर्दीतही. "अय्यो, खोबरेल!" मला हात धुवायला पिटाळलं, नवा चिमटा आणि नवी भिंगं घेतली. थेंब मुकाट्याने पसरला. रजिस्टरात त्यांनी माझं नाव लिहिलं, पुढे कारण: केसांचं तेल. मग डब्यातलं अर्धं चित्रान्न मला दिलं. मला त्यांची भीती वाटायची आणि त्याहून जास्त त्या आवडायच्या.

तीन वर्षांनी अक्का निवृत्त झाल्या. तेलाची बाटली आणली, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशनच्या दिवशी फोन आला.

"पोरी, भिंग आपलंच देतायत. नंबर लिही."

रजिस्टरात बघितलं. लॉट माझ्याच हातचा निघाला.

"थेंब?"

"पसरला, अक्का."

"एण्णे?"

त्या सोमवारनंतर मी तेलाला शिवले नव्हते. "नाही, अक्का."

"बरं. घालू दे डॉक्टरांना मग."

डॉक्टरांनी महिनाभर डोक्याला तेल नको म्हणून बजावलं. "सवय आहे," अक्का म्हणाल्या.

महिना उलटल्यावर रविवारी मी त्यांच्या हूटगळ्ळीच्या घरी गेले. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. मी तेल लावत होते आणि पायरीवर बसून त्या रस्त्यावरच्या प्रत्येक बसची पाटी मोठ्याने वाचत होत्या. केस तेल पीत होते. बाटली संपली.

आमच्या खोलीच्या दारात आता वास घ्यायला कोणी नसतं. सोमवारी मी स्वतःच हात नाकाशी नेला. तीनदा धुऊनही वास होता. आत गेले नाही. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'अक्कांचं तेल', आणि खाली सही केली.