तारीला समजलं पाहिजे

माझे वडील पोरांना गणिताचं उत्तर कधी विचारत नसत. "उत्तर पुस्तकात हाय. तुझ्याजवळ काय हाय ते बोल," म्हणत. सारं धाराशिव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून घरात आम्हीही मास्तरच म्हणायचो. माझे वडील ते कमी आणि पोरांचे मास्तर जास्त, असं मला वाटे, आणि त्याचा मनापासून राग येई.

निजामाचं राज्य होतं. शाळेत सगळं शिकवणं उर्दूत. गणित-विज्ञानाचे शिक्षक हैदराबादेहून येत आणि इथलं पाणी मानवत नाही म्हणून बदली करून घेत. शेवटी मास्तरांनी तिथल्या विद्यापीठाशी ठरवून घेतलं: दरसाल ते निवडतील तो एक मुलगा विद्यापीठानं शिकवून शिक्षक करायचा आणि परत इकडेच धाडायचा. त्या एका मुलासाठी ते वर्षभर जीव टाकत. ओसरीवर पोरं, जेवायला मास्तरांच्या शेजारी पोरं. मी चौथीनंतर घरी बसलेली. चुलीपुढं बसून सगळं ऐकायची.

निवडीची त्यांची रीत वेगळीच होती. "हैदराबादचं नंतर बघू. आधी आमच्या तारीला समजावून दाव, आपल्या बोलीत. तिला समजलं तर तू मास्तर." पोरं माझ्यासमोर स्वयंपाकघराच्या दाराशी बसून 'मुसल्लस, मुसल्लस' करत आणि मराठीत त्रिकोण म्हणायची वेळ आली की अडखळत. मला ते आधीच येत असे. तरी एका साली मी येईल त्याला मान हलवायला लागले, "न्हाय समजलं." का समजावं? त्यांनी हैदराबादला जायचं आणि मी भाकरी थापायच्या? बेंबळीचा एक हुशार पोरगा रडकुंडीला आला, त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

मग सास्तूरच्या दुकानदाराचा शिवलिंग आला. घरी कानडी बोलणारा, मराठी सावकाश. त्रिकोणाचे तिन्ही कोन जोडले की सरळ रेघ होते, हे सांगायला बसला. मी म्हटलं, "न्हाय." तो चिडला नाही.

"कुठपातुर समजलं, अक्का?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं टोपल्यातली भाकरी घेतली, तिचा तिकोनी तुकडा केला, तिन्ही कोपरे तोडले आणि टोकं एका जागी आणून शेजारी शेजारी मांडले. कड सरळ झाली. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मंग चौकोनाचे चार मांडले तर चहूकडनं भरंल की!"

मास्तर दारातच होते. मोठ्यानं हसले. "शिवलिंगा, सामान बांध!" मग माझ्याकडे बघतच राहिले.

"मला न्हाय धाडणार, मास्तर?"

"तारे, भाकर करपतीय बघ," एवढंच म्हणून ते बाहेर गेले. शिवलिंगाला निरोप द्यायला सारी गल्ली गेली. मी हेव्यानं जळत घरातच बसले.

तो शिकून आला, कळंबच्या शाळेत त्याचं नाव झालं. माझं लग्न झालं. निजामाचं राज्य गेलं त्या सुमारास मास्तर अंथरुणाला खिळले, म्हणून मी माहेरी आले. तेव्हाही भेटायला पोरांचीच रीघ.

एका दुपारी मात्र कुणीच नव्हतं. मास्तरांनी मला जवळ बसवलं आणि पांघरुणावर बोटानं वर्तुळ काढून काही समजावू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढं मी एकटीच होते.

"समजलं?"

केव्हाच समजलं होतं. "न्हाय," मी म्हटलं.

ते गालात हसले. धाप लागली होती. "कुठपातुर समजलं, तारे?"

"पहिल्यापासनंच न्हाय."

त्यांनी पांघरूण हातानं सारखं केलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.